औषध तेच, मात्रा तीच. मग झटका का?

समजा, तालुक्याच्या गावी माध्यमिक शाळेत शिकविणारे एक शिक्षक गेली दहा वर्षे रोज रात्री नेमाने फेनिटॉइनच्या गोळ्या घेत आहेत. या दहा वर्षांत त्यांना अपस्माराचा एकही झटका आलेला नाही. त्यांच्या या विकाराची वार्ता शाळेत कोणाला नाही आणि ती असू नये यासाठी घरच्यांनी पुष्कळ काळजी घेतलेली आहे. पुढे त्यांना क्षयरोग होतो. सरकारी केंद्रातून त्यावरची औषधे मिळतात आणि तीही ते तितक्याच नेमाने घेतात. ताप उतरतो, खोकला थांबतो, वजन वाढू लागते. आणि सहाव्या आठवड्यात एके दिवशी भर वर्गात, फळ्यापाशीच ते कोसळतात. घरचे म्हणतात, गोळी चुकली असेल. कोणी जागरणाला दोष देतो, कोणी नजर लागल्याचे सांगतो. वास्तविक गोळी चुकलेली नसते आणि जागरणही झालेले नसते. क्षयाची औषधे देणाऱ्याला अपस्माराच्या गोळ्यांची माहिती नव्हती आणि अपस्माराच्या डॉक्टरांना क्षयाची खबर नव्हती, एवढेच काय ते घडलेले असते.

हे उदाहरण कल्पित आहे, परंतु त्यामागील शास्त्र कल्पित नाही. जगात सुमारे पाच कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यांपैकी एक कोटीच्या आसपास भारतात असावेत असा अंदाज केला जातो. योग्य निदान व योग्य उपचार झाल्यास शंभरांतील सत्तर रुग्ण झटक्यांपासून मुक्त राहू शकतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. दुसऱ्या बाजूने जगातील क्षयरुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश भारतात आहेत. दोन्ही विकार ज्या देशात इतके पसरलेले आहेत, तेथे एकाच माणसाच्या हातावर दोन्हींची औषधे पडणे हा अपवाद म्हणता येणार नाही. शिवाय क्षयाचे जंतू मेंदूपर्यंत पोहोचले, तर त्या रोगातूनच झटके उद्भवतात. अशा रुग्णाला तर दोन्ही औषधे एकत्र घेण्यावाचून गत्यंतरच नसते.

या प्रश्नाचे मूळ औषधाच्या निचऱ्यात आहे. पोटात गेलेली गोळी रक्तात उतरते, आपले काम करते आणि शरीराबाहेर टाकली जाते. अपस्माराच्या जुन्या औषधांच्या बाबतीत हे बाहेर टाकण्याचे काम मुख्यतः यकृत करते. यकृतातील सायटोक्रोम पी-४५० या नावाने ओळखली जाणारी एंझाइमे औषधाच्या रेणूमध्ये बदल घडवून आणतात आणि मग ते मूत्रावाटे निघून जाण्याजोगे होते. न्हाणीघरात नळ सतत एकाच धारेने चालू असेल, तर जमिनीवर पाणी किती साचेल हे मोरीवर अवलंबून असते. मोरी रुंद केली तर पाणी ओसरते, तिच्यात बोळा अडकला तर ते तुंबते. नळाला कोणी हातही लावलेला नसतो. रोजची गोळी म्हणजे हा नळ आणि यकृतातील एंझाइमे म्हणजे ही मोरी. दुसरे एखादे औषध येऊन मोरी रुंद करते किंवा तिच्यात बोळा अडकविते, तेव्हा मात्रा तीच राहूनही रक्तातील औषध एकदम घटते वा वाढते. घटले तर झटका येतो, वाढले तर विषबाधा होते.

क्षयावरील औषधांपैकी रिफॅम्पिसिन मोरी रुंद करणारे आहे. त्याच्या प्रभावाने यकृतात ही एंझाइमे अधिक प्रमाणात तयार होऊ लागतात आणि फेनिटॉइनचा निचरा जवळजवळ दुप्पट वेगाने होतो. हे एका दिवसात घडत नाही. नवी एंझाइमे तयार होण्यास एक-दोन आठवडे जातात, आणि म्हणूनच क्षयाची औषधे सुरू झाली त्याच दिवसाशी झटक्याचा संबंध कोणी जोडत नाही. याच्या उलट आयसोनियाझिड हे क्षयावरील दुसरे प्रमुख औषध फेनिटॉइनचा निचरा अडविते. अपस्माराच्या रुग्णांना क्षयप्रतिबंधासाठी आयसोनियाझिड दिले असता अनपेक्षित विषबाधा झाल्याचे अमेरिकेत १९६२ मध्येच प्रसिद्ध झाले होते. आयसोनियाझिड स्वतःच ज्यांच्या शरीरातून संथपणे बाहेर पडते, त्यांना हा धोका अधिक. हा संथपणा अनुवंशाने येतो आणि भारतीयांमध्ये त्याचे प्रमाण निम्म्याहून अधिक आहे. दोन्ही औषधे एकत्र दिली असता बहुधा रिफॅम्पिसिनची सरशी होते. परंतु क्षयरुग्णाच्या घरातील माणसांना प्रतिबंधक म्हणून सहा महिने केवळ आयसोनियाझिड देण्याची पद्धत आहे. अशा घरात फेनिटॉइन घेणारा कोणी असेल, तर त्याच्या बाबतीत मोरी रुंद करणारे काहीच नसते; असतो तो केवळ बोळा.

फेनिटॉइनच्या बाबतीत आणखी एक विशेष ध्यानात घेतला पाहिजे. १९३८ मध्ये बोस्टन येथे मेरिट व पुटनम यांनी हे औषध अपस्मारावर उपयुक्त असल्याचे दाखविले. गुंगी न आणता झटके थांबविणारे औषध म्हणून त्याचे स्वागत झाले आणि स्वस्त असल्यामुळे आजही ते आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर वापरले जाते. परंतु ते बाहेर टाकण्याची यकृताची शक्ती लवकरच संपते. तिकिटाच्या खिडकीवरील कारकून तासाला साठ तिकिटे देऊ शकत असेल आणि तासाला पंचावन्न माणसे येत असतील, तर काम सुरळीत चालते. माणसे पंचावन्नांची पासष्ट झाली की रांग दहांनी वाढून थांबत नाही, ती तासागणिक वाढतच जाते. फेनिटॉइनची रोजची मात्रा ३०० मिलिग्रॅमवरून ४०० मिलिग्रॅमवर नेली, म्हणजे एक तृतीयांशाने वाढविली, तर रक्तातील प्रमाण दुपटीहूनही अधिक होऊ शकते. रक्तात दर मिलिलिटरला १० ते २० मायक्रोग्रॅम एवढे औषध असावे, हा सर्वसाधारण दंडक आहे. त्याखाली संरक्षण अपुरे पडण्याची भीती आणि त्यावर विषबाधेची. अशा अरुंद पट्टीवरून चालणाऱ्या औषधाला दुसऱ्या औषधाचा किंचित धक्काही पुरतो.

विषबाधेची लक्षणे मोठी फसवी असतात. डोळ्यांची बुबुळे थरथरतात, एकाच्या जागी दोन दिसू लागतात, पाय अडखळतात, जीभ जड होते, दिवसाही झापड येते. कचेरीतील एखादा कारकून सकाळी दहाच्या सुमारास झोकांड्या खात जागेवर येऊन बसला, तर सहकारी काय समजतील हे सांगण्याची आवश्यकता नाही. आपल्याला झालेली विषबाधा त्याला स्वतःला ठाऊक नसते, आणि आपण अपस्मारावरील गोळ्या घेतो हे तो कोणाला सांगत नाही. मग दारूबाजीचा शिक्का बसतो, तो पुसता पुसत नाही.

केवळ क्षयाच्या औषधांपुरताच हा प्रश्न मर्यादित नाही. घशाच्या वा छातीच्या विकारावर सर्रास दिली जाणारी एरिथ्रोमायसिन व क्लॅरिथ्रोमायसिन ही प्रतिजैविके कार्बामाझेपिनचा निचरा अडवितात आणि दोन-चार दिवसांत विषबाधेची लक्षणे दिसू लागतात. बुरशीजन्य विकारांवरील फ्लुकोनॅझोल फेनिटॉइनच्या बाबतीत तेच करते. रुग्णालयात गंभीर जंतुसंसर्गावर मेरोपेनेम देतात; ते सुरू होताच रक्तातील व्हॅल्प्रोएट एक-दोन दिवसांत इतके घसरते की, ते जवळजवळ नसल्यासारखेच होते. अपस्माराची औषधे एकमेकांच्याही मार्गात येतात. व्हॅल्प्रोएटमुळे लॅमोट्रिजिनचा निचरा निम्म्याने मंदावतो. म्हणून दोन्ही एकत्र देताना लॅमोट्रिजिन फारच थोड्या मात्रेपासून सुरू करावे लागते, अन्यथा अंगावर घातक पुरळ उठण्याचा धोका असतो. कार्बामाझेपिन तर स्वतःचीच मोरी रुंद करून घेते. प्रारंभी त्याचे रक्तातील प्रमाण निम्मे होण्यास सुमारे ३६ तास लागतात; काही आठवड्यांनी तेच काम १२ ते १७ तासांत होते. पहिल्या महिन्यात गुण आला आणि दुसऱ्या महिन्यात पुन्हा झटका आला म्हणून औषध बदलणाऱ्या रुग्णाला हे कोणी समजावून सांगितलेले नसते.

स्त्रियांच्या बाबतीत हा गुंता अधिक कठीण होतो. फेनोबार्बिटोन, फेनिटॉइन व कार्बामाझेपिन ही औषधे संततिनियमनाच्या गोळ्यांतील संप्रेरकांचा निचरा वाढवितात आणि त्या गोळ्या निष्फळ ठरू शकतात. उलट या गोळ्यांतील इस्ट्रोजेनमुळे लॅमोट्रिजिनचे रक्तातील प्रमाण निम्म्याच्या आसपास उतरते. गरोदरपणात ते आणखी घसरते आणि प्रसूतीनंतर पुन्हा वर येते. म्हणजे एकीला नको असताना दिवस जातात, तर दुसरीला थांबलेले झटके पुन्हा सुरू होतात. अपस्मार हे हिंदू विवाह कायद्यातील विवाहास अडसर ठरणारे कारण १९९९ च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आले, ही गोष्ट स्वागतार्ह आहे. परंतु कायद्याच्या पुस्तकातून गेलेले कारण समाजाच्या मनातून गेलेले नाही. मुलीचा विकार लपवून लग्न केले जाते, सासरी ती गोळ्या लपवून घेते आणि संततिनियमनाच्या गोळ्या देणाऱ्या परिचारिकेपुढेही तोंड उघडत नाही. तिच्या शरीरातील दोन औषधांची गाठ पडते ती या मौनाच्या आडोशाने.

देशी औषधांबद्दलचा एक समजही तपासून पाहिला पाहिजे. वनस्पतीपासून केलेले औषध अपाय करणार नाही, अशी पुष्कळांची श्रद्धा असते. मुंबईच्या केईएम रुग्णालयातील संशोधकांना या श्रद्धेविरुद्ध जाणारा अनुभव आला. फेनिटॉइन नेमाने घेणाऱ्या दोन रुग्णांचे झटके पुन्हा सुरू झाले आणि रक्तातील औषध घटलेले आढळले. चौकशीअंती दोघेही शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक पाक घेत असल्याचे कळले. पुढे उंदरांवर प्रयोग केले असता, तो पाक पुनःपुन्हा दिल्यास फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण खरोखरच उतरते असे दिसून आले. हे संशोधन १९९२ मध्ये प्रसिद्ध झाले. स्मरणशक्तीसाठी शंखपुष्पी घेण्याची प्रथा आपल्याकडे घरोघर आहे, आणि अपस्मार असलेल्या मुलाला परीक्षेच्या दिवसांत ती देण्याचा मोह पालकांना होणे स्वाभाविक आहे. म्हणूनच या निष्कर्षाचे महत्त्व मोठे. दुसऱ्या टोकाला मिरीतील पायपेरिन हे द्रव्य आहे. त्याने फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण वाढते, हे चंदीगडच्या पदव्युत्तर वैद्यकीय संस्थेतील संशोधकांनी २००६ मध्ये अपस्माराच्या रुग्णांतच दाखवून दिले. म्हणून स्वयंपाकघरातून मिरी हद्दपार करावी असे कोणी म्हणणार नाही. परंतु मिरी-पिंपळीची चूर्णे रोज घेणाऱ्याने ती गोष्ट डॉक्टरांना सांगितली पाहिजे. आयुर्वेदाचा यात अवमान नाही. ज्या द्रव्यात गुण देण्याचे सामर्थ्य आहे, त्याच्या ठायी दुसऱ्या औषधाला बाधा आणण्याचेही सामर्थ्य असणार, हे मान्य करणे म्हणजे त्या द्रव्याला गंभीरपणे घेणेच होय.

यावर दोन आक्षेप घेतले जातील. पहिला असा की, हे सारे डॉक्टरांना ठाऊक असते, सामान्य माणसाने त्यात कशाला पडावे? डॉक्टरांना ते ठाऊक असते हे खरे. पण डॉक्टर जे शिकले ते त्यांच्या उपयोगी केव्हा पडेल? समोरचा रुग्ण आणखी काय घेतो हे त्यांना कळेल तेव्हा. ते कळण्याची व्यवस्थाच आपल्याकडे दुबळी आहे. क्षयाची औषधे एका खिडकीवर, अपस्माराची शहरातील तज्ज्ञाकडे, तापाची गल्लीतील दवाखान्यात आणि पाक-चूर्णे थेट दुकानातून, अशी रुग्णाची वाटणी झालेली असते. प्रत्येक चिठ्ठी आपापल्या जागी बरोबर असूनही त्यांची बेरीज चुकीची ठरू शकते.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. असे लेखन वाचून रुग्ण घाबरतील आणि गोळ्याच सोडून देतील, अशी भीती व्यक्त केली जाते. ती निराधार नाही. अपस्माराचे औषध एकाएकी बंद करणे ही सर्वांत घातक गोष्ट आहे. त्यातून न थांबणारे झटके सुरू होऊन प्राणावर बेतू शकते. क्षयाचे औषध अर्धवट सोडणे तर स्वतःच्या आणि इतरांच्याही जिवाशी खेळणे आहे. म्हणून येथे सांगावयाचे आहे ते याच्या नेमके उलट. दोन्ही औषधे घेतलीच पाहिजेत. मात्र ती एकमेकांच्या माहितीने घेतली पाहिजेत. मात्रा कमीअधिक करणे हे डॉक्टरांचे काम आहे, आणि ते केवळ सुरुवातीलाच करून भागत नाही. रिफॅम्पिसिनमुळे फेनिटॉइनची मात्रा वाढविली असेल, तर सहा महिन्यांनी क्षयाचा उपचार संपल्यावर ती पुन्हा खाली आणावी लागते. रुंद झालेली मोरी दोन-तीन आठवड्यांत पूर्ववत होते. वाढीव मात्रा तशीच राहिली तर जो माणूस क्षयातून बरा झाला, तोच विषबाधेने आजारी पडतो. उपचार पूर्ण झाल्याचा आनंद व्हावा त्याच महिन्यात ही आपत्ती कोसळते आणि तिचे कारण कोणाच्या ध्यानात येत नाही.

लेव्हेटिरासिटामसारखी नवी औषधे मुख्यतः मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्याने अशा भानगडींपासून बरीचशी मुक्त आहेत, आणि ज्याला क्षयाचा किंवा दुसरा दीर्घ उपचार घ्यावयाचा आहे त्याच्यासाठी त्यांचा विचार झाला पाहिजे, यात शंका नाही. तरीही त्यांचे स्वतःचे दोष आहेतच. चिडचिड व मनाची अस्वस्थता यांमुळे काहींना ती सोसत नाहीत. शिवाय ज्याचे झटके एका स्वस्त गोळीने वर्षानुवर्षे थांबलेले आहेत, त्याचे औषध उगाच बदलणे शहाणपणाचे नाही. १९१२ पासून वापरात असलेले फेनोबार्बिटोन आजही गरीब रुग्णाचा आधार आहे. जुनी औषधे राहणार, हे गृहीत धरूनच व्यवस्था केली पाहिजे.

ही व्यवस्था फार खर्चाची नाही. क्षयाचा उपचार सुरू करताना मधुमेहाची व एचआयव्हीची चौकशी केली जाते. त्याच ओळीत आणखी दोन प्रश्न यावेत: झटक्यांचा विकार आहे काय, आणि रोजची कोणती औषधे चालू आहेत? उत्तर होकारार्थी असेल तर त्या रुग्णाची दुसऱ्या, सहाव्या आठवड्यात आणि उपचार संपल्यानंतरच्या महिन्यात स्वतंत्र तपासणी व्हावी. फेनिटॉइनचे रक्तातील प्रमाण मोजण्याची सोय मोठ्या शहरांपुरती राहू नये. जिल्हा रुग्णालयातून नमुना पाठवून निकाल मिळविण्याची पद्धत बसविता येण्यासारखी आहे. औषधविक्रेत्याने रुग्णाला सल्ला द्यावा असे २०१५ च्या औषधव्यवसाय नियमांना अभिप्रेत आहे. तो सल्ला प्रत्यक्षात उतरावयाचा, तर पैसे मोजून घेण्यापूर्वी ‘आणखी कोणती गोळी चालू आहे?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय दुकानदाराला लागली पाहिजे. औषधासोबतची माहिती रुग्णाला वाचता येईल अशा भाषेत आणि अशा अक्षरांत असावी, ही मागणी तर कोणालाही अवाजवी वाटू नये.

रुग्णाच्या हातीही पुष्कळ आहे. एक साधी वही, तीत घेत असलेल्या प्रत्येक औषधाचे नाव व मात्रा, आणि ती वही प्रत्येक डॉक्टरांपुढे, प्रत्येक दुकानदारापुढे ठेवण्याची शिस्त, एवढ्यानेही अनेक अपघात टळतील. पाक, चूर्ण, काढा यांचीही नोंद त्या वहीत हवी. पण ही वही उघडण्यासाठी आधी आपला विकार उघड सांगण्याचे धैर्य हवे, आणि ते धैर्य एकट्या रुग्णाकडून मागणे अन्यायाचे आहे. झटका आलेल्या शिक्षकाला मुख्याध्यापकांनी रजा देऊन पुन्हा वर्गावर घेतले, झोकांडी गेलेल्या कारकुनाला सहकाऱ्यांनी हसण्याऐवजी दवाखान्यात नेले, वर्गातील मुलाला झटका आल्यावर कांदा वा चप्पल हुंगविण्याऐवजी त्याला कुशीवर वळवून शिक्षकांनी इतर मुलांना दोन शब्द समजावून सांगितले, तर लपवाछपवीची गरजच उरणार नाही.

यकृतातील एंझाइमांना माणसाची भीड नसते आणि समाजाची लाजही नसते. समोर आलेल्या रेणूंवर ती आपले काम करीत राहतात. दोन औषधांची गाठ शरीरात पडणारच असेल, तर ती आधी दोन चिठ्ठ्या शेजारी ठेवून कागदावर पडू देणे शहाणपणाचे. कागदावर ती वेळीच पडली असती, तर त्या शिक्षकांच्या हातातील खडू खाली पडला नसता.